बारीक मानेचा घोडा

आमच्या घरात टीव्हीच्या कपाटावर एक लाकडी घोडा आहे. चार चाकांचा, दोरीने ओढायचा. येणारा प्रत्येक पाहुणा तो उचलतो, जमिनीवर ठेवून जरासा ढकलतो, आणि घोडा हटकून डावीकडे वळून दिवाणाखाली जातो. मग पाहुणा वाकून तो बाहेर काढतो आणि मला शहाणपण शिकवतो, "चाकाचं भोक जरा तिरकं पडलंय. दोन मिनिटांचं काम आहे, करून घ्या." मी चहा ओतत म्हणते, राहू द्या. एकदा आमच्या जावयांनी प्रेमाने स्क्रूड्रायव्हर काढला होता. तेव्हा मी अशी कडाडले की त्यांनी त्या कपाटाकडे पुन्हा बघितलं नाही.

राग माझ्या नाकावरच असतो, हे मी नाकारत नाही. खरं तर त्या रागावरच मला नोकरी मिळाली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत लाकडी खेळण्यांचा एक कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड आणि पुढे कडुनिंबाचं झाड. तिथे बायका लागतात असं कळलं म्हणून मी गेले. कारखाना काढणारे म्हातारे गृहस्थ तेव्हा होते, त्यांना सगळे मोठे मालक म्हणत. त्यांनी माझ्यापुढे दोन बदकं ठेवली आणि विचारलं, यातलं चांगलं कुठलं? मी दोन्ही उलटीपालटी करून पाहिली आणि म्हटलं, "एकही नाही. याची चोच वाकडी आहे आणि त्याचा रंग चोचीवरून डोळ्यात गेलाय. ही विकायला ठेवलीत की काय?" ते मनापासून हसले आणि म्हणाले, उद्यापासून या. अशी मी तपासणीला लागले.

काम सोपं होतं, पण माणसं तोडणारं होतं. तयार झालेलं प्रत्येक खेळणं माझ्या टेबलावर यायचं. पास झालं तर पेटीत. नापास झालं तर मी त्याच्या पोटाखाली लाल रंगाची फुली मारायची आणि शेजारी त्या वर्षाचा आकडा घालायची. अशा मालाला आमच्याकडे डागी म्हणत. आंबा डागी असतो तसा घोडा डागी, पोपट डागी. ज्याचं खेळणं डागी निघेल तो दिवसभर माझ्याकडे बघायचा नाही. मी शेडमध्ये शिरले की कोणीतरी हळूच "सिग्नल लागला रे" म्हणायचं, आणि हसू दाबल्याचे आवाज यायचे. मला ते ठाऊक होतं. वाईट वाटायचं, पण म्हणून मी कधी वाकडी चोच सोडली नाही.

या डागी मालाचं पुढे काय करायचं, याची मोठ्या मालकांनी एक रीत घालून दिली होती. दुसरा कोणी असता तर त्याने थंडीत शेकोटीला वापरला असता. मोठे मालक म्हणायचे, झाड तोडलंय त्याच्यासाठी, ते चुलीत घालायचं नाही. मग दर वर्षी खंडेनवमीला, यंत्रांना झेंडूचे हार घालून आणि हत्यारांना हळदकुंकू वाहून झालं की, वर्षभराचा डागी माल बाहेर काढायचा. ज्याने जे बिघडवलं असेल ते त्याने आपल्या घरी न्यायचं. पेढ्याच्या पुड्याबरोबर आपापले गुन्हे पिशवीत भरून लोक घरी जायचे, आणि त्यांची मुलं मात्र दारात वाट बघत असायची. मी स्वतः काही बनवत नव्हते, त्यामुळे मला पेढे मिळायचे, डागी नाही.

आमचा सगळ्यात खपाचा माल म्हणजे घोडा. तो मोठ्या मालकांनी स्वतःच्या हाताने पहिल्यांदा कोरला होता. त्याचा पातळ प्लायवूडचा फर्मा केलेला होता. फळीवर फर्मा ठेवायचा, कडेने पेन्सिल फिरवायची, रेघेवरून कापायचं, मग कानस आणि काचपेपर. बदक, पोपट, बैलगाडी, हत्ती, सगळ्यांचे फर्मे एका भिंतीवर खिळ्यांना टांगलेले असत. माझ्याकडेही तपासायला पुठ्ठ्याचं माप होतं, तेही फर्म्यावरूनच काढलेलं.

एकच माणूस फर्मा वापरायचा नाही. तो हरसूलकडचा, माझ्याहून वयाने मोठा. आम्ही त्याला बाबा म्हणायचो. गावाकडे बोहाड्याच्या नाचाला लागणारे लाकडी मुखवटे करायचं काम त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांचं. मोठ्या मालकांनीच त्याला आणलं होतं, आणि पहिला घोडा त्यांच्याशेजारी बसून तो शिकला होता. भातलावणीला गावी जायचा, लावणी झाली की परत यायचा. फळी हातात घेऊन तो थोडा वेळ नुसता बघत बसे आणि मग थेट कापायला घेई. मोठे मालक गेल्यानंतर पुढच्या काही वर्षांत त्याचे घोडे माझ्या मापात बसेनासे झाले. प्रत्येकाची मान बारीक. मी माप लावायची, मानेशी नखभर फट दिसायची आणि मी फुली मारायची. एक, दोन, दहा. शेवटी एक दिवस सगळ्यांसमोर मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला डोळे आहेत की नाहीत? फर्मा वापरायला काय होतं?"

तो शांतपणे म्हणाला, "ताई, डोळं हायती म्हणून तं फर्मा लागत नाय."

मला वाटलं, हा माणूस माझी टर उडवतोय. मी तोंडाचा पट्टा सोडला. तुमच्यामुळे लाकूड वाया जातं, तुमच्यामुळे कारखान्याचं नाव जातं, असं काय काय बोलले. त्या वर्षी तो भातलावणीला गेला आणि परत आलाच नाही. मी मनाशी म्हटलं, गेला तर गेला.

मग काही वर्षांनी, दोन हजार साल उलटल्यावर, एका चैत्रात आग लागली.

भर दुपार होती. जेवणाची सुट्टी झालेली होती, आणि आम्ही सगळे कडुनिंबाखाली डबे सोडून बसलो होतो. आत डबा खायचा नाही हा मोठ्या मालकांचा आणखी एक नियम. कारण एवढंच होतं की खरकट्याने मुंग्या होतात. त्या दिवशी मुंग्यांमुळे आमचे जीव वाचले. करवतीच्या मोटारीच्या स्विचमधून ठिणगी उडाली असावी आणि खाली साठलेल्या भुशात पडली असावी. आम्हाला आधी वास आला. कोणीतरी म्हणालं, कुठे पालापाचोळा जाळतायत. मग शेडच्या खिडकीतून धूर दिसला, आणि रंगाच्या खोलीतले थिनरचे डबे एकामागून एक फुटायला लागले.

मी घास टाकून उठले आणि माणसं मोजायला लागले. रडत होते, ओरडत होते, पण मोजत होते. एक बाई कमी भरत होती. तीन वेळा मोजल्यावर ती बाई मीच असल्याचं लक्षात आलं. आजही हा किस्सा सांगितला की लोक हसतात. तेव्हा मी मटकन मातीत बसले होते.

बंब आला तोवर छप्पर खाली आलं होतं. संध्याकाळी आत गेलो तर काळ्या पाण्यात चाकं तरंगत होती, बारीक, गोल, शेकड्यांनी. फर्म्यांची भिंत उभी होती. तिच्यावर खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याखाली जळक्या प्लायवूडची राख. नमुन्यांच्या पुस्तकात घोड्याचा फोटो होता, तोही कपाटासकट गेला. दुकानांत पडून होता तो दोन-चार प्रकारांचाच माल, तोही हल्लीचा.

आमचे मालक, म्हणजे मोठ्या मालकांचा मुलगा, हौदाच्या कठड्यावर बसून राहिले. मी जवळ जाऊन म्हटलं, मशिनं येतील परत. ते म्हणाले, "मशिनं येतील हो ताई. वडिलांचे फर्मे कुठून आणू? तसाही माल आता पूर्वीसारखा जात नाही. दुकानदार म्हणतात, तुमच्या घोड्यात ती मजा राहिली नाही." ते खरं होतं. आम्ही सगळे त्याचं खापर प्लॅस्टिकच्या खेळण्यांवर फोडत होतो. मालकांनी जागा गोदामासाठी द्यायचं ठरवलं. आठ दिवसांनी माणसं बघायला येणार होती. आठ दिवसांनंतर आमच्या कारखान्याचं नावही उरणार नव्हतं, आणि माझ्यासारखीला, जिला फक्त चुका काढता येतात, कोण ठेवून घेणार होतं?

दुसऱ्या दिवशी आम्ही मलबा उपसायला जमलो. रंगकामातल्या एका बाईने पदराखालून एक बदक काढून माझ्यापुढे धरलं. खाली मान घालून म्हणाली, "ताई, हे माझ्याकडचं. तुम्हीच टाकलं होतं. मालकांना आठवण म्हणून द्यावं म्हटलं." मी ते उलटं केलं. पोटाखाली माझी लाल फुली. रंग ओघळल्यामुळे नापास केलेलं, पण आकार एकदम अचूक.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी तिचा हात धरून मालकांकडे ओढतच नेलं आणि म्हटलं, "साहेब, फर्मे जळलेले नाहीत. ते घराघरांत आहेत. इतकी वर्षं मी माल नापास केलाय, तो काय हवेत गेला? या बदकावरून बदकाचा फर्मा निघेल. रंग चुकला असेल, चाक चुकलं असेल, पण ज्याचा जो भाग बरोबर आहे तो घेऊ."

त्यानंतरचे दोन दिवस मी आयुष्यभर विसरणार नाही. लोक पिशव्या, पाट्या, पोती घेऊन आले. कोणी इगतपुरीहून, कोणी सिन्नरहून, एकाची बहीण मनमाडला दिलेली होती तिच्याकडून हत्ती आला. मुलांनी चावलेले पोपट, शेपूट तुटलेले कुत्रे, एक चाक नसलेल्या बैलगाड्या. कडुनिंबाखाली ढीग झाला. प्रत्येकाच्या पोटाखाली माझी फुली. एक जण मोठ्याने म्हणाला, "सिग्नलने लाल दाखवलं म्हणून माल वाचला." मग माझ्या तोंडावर असं बोलून गेल्याचं लक्षात येताच त्याने जीभ चावली. मला मात्र इतका अभिमान वाटला, इतका की मी पदर तोंडाला लावून झाडामागे जाऊन उभी राहिले.

पण हा अभिमान तासभरही टिकला नाही.

घोडे आले होते ते मी वर्षांच्या आकड्यांप्रमाणे ओळीने मांडले. एका टोकाला जुना, दुसऱ्या टोकाला नवा. आणि मांडता मांडता माझे हात थांबले. जसजसं वर्ष पुढे सरकत होतं तसतशी घोड्याची मान जाड होत चालली होती. शेजारशेजारच्या दोन घोड्यांत फरक दिसत नव्हता. पहिला आणि शेवटचा जवळ आणला तर घोड्याचा रेडा झालेला दिसत होता.

कारण कळायला वेळ लागला नाही. फर्मा झिजला की जो हाताशी असेल तो जुन्यावरून नवा कापायचा. पेन्सिल फर्म्याच्या बाहेरून फिरते, आणि कापणारा रेघेच्या थोडा बाहेरून कापतो, कानशीला जागा राहावी म्हणून. दर वेळी मान केसभर वाढली. माझं माप त्याच फर्म्यावरून निघायचं, म्हणून माझं मापही जाड होत गेलं. आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवावी तसं झालं. दुकानदार म्हणत होते ती मजा कुठे गेली होती ते आता माझ्यासमोर ओळीने उभं होतं.

मालकांनी सगळ्यात जुना घोडा उचलला आणि मान हलवली. "वडिलांचा असा नव्हता. हाही जाडच आहे. तो बारीक मानेचा होता, असा वाऱ्यावर धावल्यासारखा." मग सगळे एकेक करून माझ्याकडे बघायला लागले. बारीक मानेचे घोडे कोण करत होतं ते कोणालाच सांगावं लागलं नाही.

मालक म्हणाले, "ताई, तुम्हीच जा. भांडलात तुम्ही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्र्यंबकवरून जाणारी एसटी पकडली. हरसूलला उतरले तेव्हा आठवड्याचा बाजार भरलेला होता. बाजारात दोघातिघांना विचारून बाबाच्या पाड्याची वाट काढली. उन्हात चालताना मनात वाक्यं जुळवत होते. कारखान्याची अडचण आहे, मदत करा, वगैरे. चूक झाली हे वाक्य काही केल्या जुळत नव्हतं. दुसऱ्याच्या चुका काढण्यात हयात गेलेल्या बाईला स्वतःची चूक सांगायची सवय नसते.

बाबा ओट्यावर बसून मुखवटा कोरत होता. मला बघून त्याला आश्चर्य वाटलं असेल, पण त्याने दाखवलं नाही. बायकोला पाणी आणायला सांगितलं. मी आत पाऊल टाकलं आणि समोरच, कुडाच्या भिंतीला ठोकलेल्या फळीवर, घोडे बघितले. एका रांगेत, सगळे एकसारखे, बारीक मान आणि वर उचललेलं तोंड. धूळ पुसलेली होती. मी एक उलटा केला. फुली. दुसरा. फुली.

त्याची बायको पाण्याचा तांब्या देत म्हणाली, "लाल पुसून टाक म्हनलं, तं आयकत नाय. म्हनतो, ताईचा शेरा हाय, राहू दे."

माझी सगळी जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. मला ढसाढसा रडू आलं. मी म्हटलं, "बाबा, चूक माझी होती. मापच चुकीचं होतं आणि मी तुम्हाला डोळे आहेत का विचारलं."

त्याने हातातली पटाशी खाली ठेवली. म्हणाला, "तुमी मापावर भरोसा ठेवला. मी मोठ्या मालकाच्या हातावर ठेवला. त्यात काय रडायचं?" मग आग लागल्याचं, फर्मे गेल्याचं मी सांगितलं. त्याने फळीवरच्या घोड्यांकडे नजर टाकली. नंतर म्हणाला, "माझं सगळं घोडं तुमी पास केलं असतं तं आज एकबी नसता." हे त्याने चिडवायला म्हटलं की समजूत घालायला, मला आजही सांगता येणार नाही.

याल का, असं विचारायचा मला धीर होत नव्हता. त्यानेच विषय काढला. "येतो मी, औंदाची लावणी उरकली की. आन दर साली भातलावणीला सोडायचं. आन तपासणी तुमीच करायची. दुसरं कोनी नको."

मी फळीवरचा एक घोडा पिशवीत घालून परत निघाले. माणसं जागा बघायला यायच्या आदल्या दिवशी तो मालकांच्या हातात दिला. त्यांनी घोड्याच्या मानेवरून अंगठा फिरवला, आणि इतका मोठा माणूस आमच्यासमोर लहान मुलासारखा रडला. दुसऱ्या दिवशी जागा बघायला आलेल्यांना त्यांनी चहा पाजला आणि वाटेला लावलं.

पुढचे सहा महिने आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. शेजारच्या कारखानदाराने त्याची पाळी संपल्यावर करवत वापरू दिली. बायका ताडपत्रीखाली बसून रंगवायच्या, वारा आला की रंगात माती उडायची आणि मी ओरडायची. डागी ढिगातलं एकेक सगळ्यात जुनं खेळणं आणि बाबाचा घोडा घेऊन त्यांवरून नवे फर्मे काढले, या वेळी जाड पत्र्याचे. नवा फर्मा कधीही जुन्या फर्म्यावरून करायचा नाही, असा नियम मी केला. करायचा तर मूळ खेळण्यावरूनच. ती मूळ खेळणी आम्ही एका जागी ठेवलीच नाहीत, पुन्हा लोकांच्या घरी पाठवली. असली तिजोरी कुठल्या मोठ्या कंपनीकडे असेल असं मला वाटत नाही. भातलावणी उरकून बाबा आला, आणि आल्या दिवशी त्याने घोड्याच्या फर्म्याची कड कानशीने जराशी घासली. मी माझं मापही तेवढं कापून घेतलं.

खंडेनवमीला नवी शेड उघडली. झेंडूचे हार, नारळ, सगळं जुन्यासारखं. नव्या यंत्रांवरचा पहिला घोडा बाबाने करायचा असं ठरलं होतं. त्याने तो केला, बायकांनी रंगवला आणि आणून माझ्या टेबलावर ठेवला. सगळे भोवती उभे राहिले. मालकांच्या हातात पेढ्यांचा बॉक्स उघडाच होता. मी मान बघितली. देखणी मान. कान बघितले, पाठ बघितली, रंग बघितला. मग सवयीने घोडा टेबलावर ठेवून जरासा ढकलला.

घोडा डावीकडे वळला.

मी परत ढकलला. परत डावीकडे. पुढच्या चाकाचं भोक तिरकं पडलं होतं. नव्या यंत्रावर हात बसायचा होता, दुसरं काही नाही. मालक माझ्याकडे असे बघत होते की मला त्यांची कीव आली. त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलं होतं, आजच्या दिवस सोडा. ज्या माणसापुढे मी रडले होते, ज्याच्या उपकाराखाली आम्ही सगळे उभे होतो, त्याचा पहिला घोडा.

मी लाल रंगात कुंचला बुडवला, घोडा उलटा केला आणि फुली मारली.

बाबाने तो घोडा उचलला, स्वतः टेबलावर पळवून बघितला, आणि डावीकडे गेलेला बघून त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. मालकांकडे वळून म्हणाला, "वाटा पेढे. आता कारखाना चालू झाला."

तो कारखाना अजून चालू आहे. प्लॅस्टिकच्या लाटा आल्या आणि गेल्या, आमचा घोडा बारीक मानेनेच उभा राहिला. दुकानदारांनी पुन्हा मागून नेला. मी निवृत्त झाले तेव्हा माझ्या जागी आलेल्या मुलीला मी एकच गोष्ट शिकवली, माणूस बघू नकोस, घोडा बघ, आणि अधूनमधून आपलं मापही बघ.

त्या खंडेनवमीला पेढे खाऊन सगळे पांगायला लागले तेव्हा बाबा माझ्या टेबलाशी आला. रीतीप्रमाणे तो डागी घोडा त्याचा होता, त्यानेच घरी न्यायचा. त्याने तो माझ्या हातात दिला.

"हा तुमी न्या," तो म्हणाला. "सगळ्यांच्या घरी हाय. तुमच्याच घरात एकबी डागी नाय."